निळ्या रक्ताऐवजी आलेलं किट: दीड वर्ष वापरल्यानंतर

थर्माकोलची पेटी देवघराएवढी आणि आत माल मुठीएवढा, अशी ती पहिली डिलिव्हरी होती. बर्फाचे पॅक काढत तळाला गेल्यावर चार कुप्या निघाल्या: एक एन्झाइमची, एक बफरची, एक तपकिरी काचेतली सबस्ट्रेटची आणि एक स्टँडर्ड एन्डोटॉक्सिनची. आमचा नवा केमिस्ट पोरगा म्हणाला, "मॅडम, एवढ्याशा बाटल्यांना एवढे पैसे?"

मी म्हटलं, "अरे, यात खेकडा नाहीये. त्याचेच पैसे आहेत."

मी मायक्रोबायोलॉजिस्ट. वाळूज एमआयडीसीतल्या एका इंजेक्शनच्या प्लांटमध्ये क्यूसीत, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात, २१ वर्षं झाली. हे परीक्षण रिकॉम्बिनंट फॅक्टर सी नावाच्या किटचं आहे. इंजेक्शनमधलं एन्डोटॉक्सिन नावाचं ताप आणणारं द्रव्य मोजायला आजवर खेकड्याचं निळं रक्त लागायचं, ते काम हे किट रक्ताशिवाय करतं. आमच्या बोलण्यात नुसतं 'आरएफसी'. किटचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे पुरवठादाराबद्दल दोन कडू गोष्टी सांगायच्या आहेत आणि मला वकिलाची नोटीस नकोय. तसंही बाजारात या प्रकारची किटं आता एकाहून जास्त कंपन्यांची आहेत आणि माझं बरंचसं म्हणणं सगळ्यांनाच लागू पडेल.

लॅबबाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडं. सलाईन चढवलं आणि अर्ध्या तासात हुडहुडी भरली, दात वाजायला लागले, दोन-दोन गोधड्या टाकल्या तरी थांबेना, हा किस्सा आपल्याकडे कुणी ना कुणी सांगतंच. त्याची कारणं बरीच असतात, पण जुन्या काळचं एक मोठं कारण म्हणजे एन्डोटॉक्सिन. काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणाचा हा भाग. ऑटोक्लेव्हमध्ये जिवाणू मरतो, आवरणाचा तुकडा तसाच राहतो. तो मुळात जिवंत नव्हताच, मरेल कसा? काचेवरून तो घालवायचा तर काच २५० अंशांवर अर्धा तास भाजावी लागते. इंजेक्शन काही असं भाजता येत नाही. म्हणून औषध निर्जंतुक आहे एवढ्यावर भागत नाही, त्यात एन्डोटॉक्सिन किती उरलंय तेही मोजावं लागतं. इंजेक्शनसाठीच्या पाण्याला एका मिलिलिटरमागे ०.२५ युनिटची मर्यादा आहे. शिरेतून जाणाऱ्या औषधाचा हिशेब शरीराच्या वजनावर, किलोमागे तासाला ५ युनिट. युनिट म्हणजे नेमकं किती, असं घरी विचारलं की मी सांगते, दिसत नाही, वास येत नाही, पण अंगात गेलं की कळतं.

मी २००४ ला लागले तेव्हा आमच्याकडे हे मोजायला ससे होते.

तीन ससे आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचे. सकाळी एकेकाची मान खोड्यात अडकवायची, मागून गुदद्वारात थर्मामीटरची वायर, आणि मग कानाच्या शिरेतून कोमट केलेलं औषध. सलाईनसारखं असेल तर किलोमागे १० मिलिलिटर, म्हणजे दोन किलोच्या सशाला २० मिलिलिटर, चांगली जाडजूड सिरिंजभर. पुढचे तीन तास अर्ध्या-अर्ध्या तासाने ताप लिहीत बसायचं. कुणाचा किती चढला, तिघांची बेरीज किती झाली, यावर बॅच पास की नापास. ही पद्धत अमेरिकेच्या फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत चाचण्यांच्या ग्रंथात, १९४२ ला अधिकृत झाली आणि जगभर अर्धं शतक तीच चालली. तिने माणसं वाचवली, हे मी नाकारणार नाही.

पण ससा हा भित्रा प्राणी, आणि भीतीनेही ताप चढतो. अॅनिमल हाउसला एक मामा होते. मी पहिल्या दिवशी आत गेले तर म्हणाले, "ताई, चपला बाहेर. आणि सेंट लावलं असेल तर आज नका येऊ." दारावर खडूने त्यांनीच लिहिलं होतं, 'दार हळू लावा'. नवा माणूस आला, ट्रॉलीचं चाक कुरकुरलं, की आकडा हलला. दिवाळीच्या आठवड्यात रॅबिट टेस्ट लावायची नाही हा आमच्याकडे अलिखित नियम होता. एका वर्षी कुणीतरी धनत्रयोदशीला लावलीच. शेजारच्या कंपनीच्या गेटवर लवंगी माळ वाजली आणि चांगल्या औषधाची बॅच संशयात सापडली. पुन्हा टेस्ट, पुन्हा ससे. मामा दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

तेच ससे विश्रांती देऊन पुन्हा वापरले जायचे, हेही सांगायला हवं. कान सुजलेला ससा मामा हळद लावून वेगळा ठेवायचे. रजिस्टरमध्ये हळद नव्हती.

आपल्या देशात १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. त्यातल्या १७ व्या कलमात लिहिलंय की जिथे टाळणं शक्य आहे तिथे प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत. त्याच कलमात पुढे असंही आहे की मोठ्या प्राण्यांऐवजी गिनीपिग, ससे, बेडूक, उंदीर अशा लहान प्राण्यांवर भागत असेल तर मोठे प्राणी टाळावेत. म्हणजे एका ओळीत सशाला वाचवलं आणि पुढच्या ओळीत परत खोड्यात घातलं. कायदा करणाऱ्यांना दोष देत नाही, तेव्हा पर्यायच काय होते?

आमची सशांची खोली २०११ ला बंद झाली. शेवटचे ससे कुठे गेले हे मी तेव्हा विचारलं नाही. कागदावर काय लिहिलं होतं ते मला माहीत आहे. विचारायला हवं होतं.

त्यानंतर सगळा भार खेकड्यावर. खरं तर खेकडा म्हणायचं एवढंच, हॉर्सशू क्रॅबचं नातं विंचू-कोळ्यांशी जास्त. घोड्याच्या नालेसारखी पाठ, मागे तलवारीसारखी शेपटी, आणि रक्तात लोहाऐवजी तांबं, म्हणून रक्त निळं. चव्वेचाळीस कोटी वर्षांपासून जवळपास तसाच चालत आलेला जीव. फ्रेडरिक बँग नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९५६ मध्ये लिहून ठेवलं की विशिष्ट जिवाणू टोचले की याचं रक्त गोठतं. पुढे जॅक लेविनबरोबर त्याने दाखवलं की हे गोठणं एन्डोटॉक्सिनमुळे होतं. १९७७ मध्ये अमेरिकेत या रक्तपेशींच्या अर्काला चाचणीसाठी परवाना मिळाला आणि सशांची सुटका सुरू झाली. म्हणजे आज आपण ज्याला पर्याय शोधतोय तो एके काळी स्वतःच पर्याय होता.

या अर्काने गोठवून बघायच्या चाचणीला जेल क्लॉट म्हणतात. तिचं काम मला मनापासून आवडायचं, हे कबूल करते. छोट्या काचनळीत अर्क आणि नमुना, ३७ अंशांच्या बाथमध्ये बरोबर तासभर, मग नळी अलगद उचलून एका दमात उलटी करायची. गोळा तळाला चिकटून राहिला तर एन्डोटॉक्सिन आहे, घसरला तर नाही. त्या तासात बाथला धक्का लागला तर गोळा मोडतो आणि खोटा 'पास' मिळू शकतो. त्यामुळे टाइमर वाजायच्या आधी पाच मिनिटं आमच्या खोलीत कुणी खुर्चीही सरकवायचं नाही. नव्या मुली श्वास रोखून नळी उलटवतात. मी अजूनही रोखते.

पण त्या नळीतलं रक्त येतं कुठून? अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरून. जिवंत प्राणी पकडून, ओळीने रॅकला बांधून, हृदयाजवळ सुई खुपसून साधारण ३० टक्के रक्त काढतात आणि मग समुद्रात परत सोडतात. सोडलेल्यांपैकी किती मरतात यावर वाद आहे, वेगवेगळ्या अभ्यासांत १५ ते ३० टक्के असे आकडे येतात. आशियातली एक जात आता संकटग्रस्त यादीत आहे. आपल्याकडे ओडिशा-बंगालच्या किनाऱ्याला दोन जाती आहेत आणि त्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. २०१६ ला आम्ही पुरीहून पुढे चांदीपूरला गेलो होतो. तिथे ओहोटीला समुद्र मैलोगणती मागे जातो. चिखलात एक जोडी चालली होती, नर मादीच्या पाठीला धरून. आमच्या ह्यांनी फोटो काढला. मी इतकी वर्षं ज्याच्या भाऊबंदांच्या रक्तावर बॅचेस सोडत होते त्याला पहिल्यांदा बघत होते. लाज वाटली असं नाही म्हणणार, पण भेळेचा पुडा तसाच हातात राहिला.

आता किट.

याच्यामागची कल्पना अशी की खेकड्याच्या रक्तात एकामागून एक जागे होऊन गोठवणाऱ्या घटकांची साखळी असते, ती सगळी हवीच कशाला? एन्डोटॉक्सिन ओळखणारा पहिला घटक म्हणजे फॅक्टर सी. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात जिअक लिंग डिंग आणि बो हो या दांपत्याने आशियाई खारफुटीतल्या जातीतून त्याचा जीन वेगळा काढला आणि पुढे कीटकांच्या पेशींमध्ये तो घटक तयार करून घेतला. एन्डोटॉक्सिन भेटलं की हा घटक जागा होतो आणि सबस्ट्रेट, म्हणजे त्याला तोडायला दिलेलं रसायन, तोडतो. तुटलेला तुकडा चमकतो, आणि ती चमक आपण मोजायची. गोठणं-बिठणं काही नाही.

वापरायला किट सोपं आहे, पण हात स्वच्छ हवा. ९६ खळग्यांची प्लेट, प्रत्येक नमुना जोडीने, शेजारी मुद्दाम एन्डोटॉक्सिन मिसळलेला तोच नमुना, स्टँडर्डची, म्हणजे माहीत असलेल्या एन्डोटॉक्सिनची, उतरती पायरी आणि ब्लँक, म्हणजे एन्डोटॉक्सिन नसलेलं पाणी. नमुन्यांची प्लेट ३७ अंशांवर गरम होईपर्यंत एन्झाइम, बफर, सबस्ट्रेट यांचं मिश्रण करायचं. आमच्या किटला १:४:५. हे मिश्रण जोरात हलवायचं नाही, फेस आला की वाचन बिघडतं. याउलट स्टँडर्डची कुपी व्हॉर्टेक्सवर, म्हणजे घुसळायच्या यंत्रावर, चांगली १५ मिनिटं घुसळायची, कारण एन्डोटॉक्सिन काचेला चिकटून बसतं. नवीन मुलं बरोब्बर उलटं करतात, स्टँडर्ड हळुवार आणि मिश्रण घुसळून. मिश्रण घातल्या घातल्या एकदा वाचन, तासाने दुसरं, आणि दोन्हींतला फरक म्हणजे आपला आकडा.

दीड वर्षात माझं मत असं झालंय की पाण्यासाठी हे किट जेल क्लॉटपेक्षा सरस आहे. जेल क्लॉट हो किंवा नाही एवढंच सांगतं. इथे आकडा मिळतो, त्यामुळे पाण्याचा आलेख हळूहळू वर चढतोय हे नापास होण्याच्या आधी दिसतं. गेल्या पावसाळ्यात पाण्याच्या एका पॉइंटचा आकडा मर्यादेच्या खूप खाली, पण तीन आठवडे सलग वाढत होता. पाणी फिरवणाऱ्या पाइपचा लूप उघडून बघितला तर व्हॉल्व्हचं डायाफ्रॅम चिरलेलं. जेल क्लॉटने तिन्ही आठवडे 'पास' म्हटलं होतं. खोटं नव्हतं ते. लॉट बदलला की वागणूक बदलते हा जुन्या अर्काचा त्रासही इथे फारसा नाही. आम्ही तीन लॉट वापरले, स्टँडर्डची रेघ जवळपास एकावर एक बसली.

दुसरा फायदा आम्हाला जुन्या जखमेमुळे जास्त कळला. काही वर्षांपूर्वी प्लांटमध्ये नवे सेल्युलोजचे फिल्टर आले आणि लगोलग दोन बॅचेस एन्डोटॉक्सिनमध्ये नापास. डेव्हिएशन, इन्व्हेस्टिगेशन, टाक्या परत धुणं, रात्रपाळीच्या ऑपरेटरची उलटतपासणी. तो बिचारा शपथा घेत होता. शेवटी निघालं काय, तर फिल्टरमधून ग्लुकन सुटत होतं, साखरेच्या साखळीचा एक पदार्थ, एन्डोटॉक्सिन नव्हे. खेकड्याच्या रक्तात ग्लुकन ओळखणारा फॅक्टर जी नावाचा वेगळा घटक असतो, तोही गोळा करतो. ग्लुकन रोखणारा बफर घालून परत चाचणी केली आणि बॅचेस सुटल्या, पण ऑपरेटरची माफी कुणी मागितल्याचं मला आठवत नाही. आरएफसीमध्ये फॅक्टर जी नाहीच. जपून ठेवलेला तो नमुना मी मुद्दाम या किटवर लावून बघितला. स्वच्छ.

आता दोष. रंगीत औषधं याला झेपत नाहीत. आमचं लोहाचं इंजेक्शन कोऱ्या चहासारखं काळं असतं. चमक त्यातच गिळली जाते. मिसळलेल्यापैकी ५० ते २०० टक्क्यांच्या दरम्यान एन्डोटॉक्सिन परत सापडायला हवं. आमच्याकडे सुरुवातीला ३१ टक्के. पातळ करत करत परवानगीच्या टोकापर्यंत गेल्यावर कसंबसं ६८ टक्के मिळालं. त्या उत्पादनासाठी मी अजून जेल क्लॉटच वापरते आणि कुणी कितीही तत्त्वज्ञान सांगितलं तरी बदलणार नाही.

याहून मोठी मर्यादा आहे, ती किटच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असते. ताप आणणारं सगळं एन्डोटॉक्सिन नसतं. दुसऱ्या गटातल्या जिवाणूंचे, बुरशीचे काही घटकही ताप आणतात. ते ना खेकड्याला कळतात ना या किटला. सशाला कळायचे, आणि काही लसींसाठी ससा इतकी वर्षं टिकला त्याचं एक कारण हेच. त्यासाठी आता मोनोसाइट अॅक्टिव्हेशन टेस्ट आहे, माणसाच्याच रक्तपेशींवर केलेली. माणसाला ताप येईल का हे माणसाच्या पेशींना विचारायचं, हे सशाला विचारण्यापेक्षा सरळच आहे ना? आमच्याकडे ती अजून नाही.

खोक्यावर हिरव्या पानाचं चित्र आणि 'प्राणीमुक्त' असं लिहिलेलं असतं. मला अशा शिक्क्यांची थोडी अॅलर्जी आहे. माझी एक मैत्रीण पुण्याच्या एनसीसीएस या पेशी विज्ञान संस्थेतून पेशी मागवून त्वचेवर काम करते, प्राण्यांऐवजी पेशी म्हणून. त्या पेशींना खायला घालायचं सीरम येतं गाभण गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्तातून. ती स्वतःच हसत सांगते आणि सीरमविना माध्यमावर पेशी जगवायची खटपट करते. तेव्हा किट घेताना पुरवठादाराला विचारा की तुमची पेशी काय खाते. आमच्याला विचारलं तर सेल्सवाला म्हणाला, "मॅडम, हा प्रश्न पहिल्यांदाच आला." उत्तर चार महिन्यांनी ईमेलने आलं. समाधानकारक होतं, पण चार महिने?

दुसरी कडू गोष्ट कुरिअरची. तिसरी पेटी शुक्रवारी मुंबईच्या कार्गोत पोचली आणि सोमवारपर्यंत तिथेच. आतल्या डेटा लॉगरने, म्हणजे तापमान नोंदवणाऱ्या यंत्राने, २६ अंश दाखवलं, हवं होतं २ ते ८. पुरवठादार म्हणे, आमच्या स्टॅबिलिटीच्या माहितीनुसार चालेल, वापरा. चालेल असं लेखी द्या म्हटलं तर फोन उचलेनात. पेटी रिजेक्ट केली, सहा आठवडे नवीन आली नाही, आणि त्या सहा आठवड्यांत आम्ही गपगुमान खेकड्याकडे परतलो. अटलांटिकच्या किनाऱ्यावर कुणाला तरी सुई लागली असेल ती या कुरिअरच्या हलगर्जीपणामुळे.

खर्चाचं म्हणाल तर किटपेक्षा यंत्र महाग पडतं. आमच्याकडे रंग मोजणारा प्लेट रीडर होता, चमक मोजणारा नव्हता. कोटेशन बघून परचेसच्या साहेबांनी विचारलं, "यात एसी पण येतो का?" ज्यांच्याकडे जुनाच रीडर आहे त्यांनी रिकॉम्बिनंट कॅस्केड प्रकारची किटं बघावीत. त्यात साखळीतले तिन्ही घटक प्रयोगशाळेत बनवलेले असतात आणि शेवटी रंग येतो, चमक नाही. ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर.

इतकं सगळं असून या किटची खरी अडचण कुपीत नाही. ती मला आमच्या क्यूएच्या, म्हणजे गुणवत्तेची हमी देणाऱ्या विभागाच्या, साहेबांनी तीन शब्दांत शिकवली. मी तुलनेचा तक्ता घेऊन गेले. दोनशेच्या वर नमुने, दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी, एकही निकाल उलटा नाही. त्यांनी शांतपणे पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, "मॅडम, पान कुठंय?"

पान म्हणजे फार्माकोपियाचं पान. माझा तेव्हा संताप झाला होता, पण त्यांचं काही चुकलं नव्हतं. फार्माकोपियात जी पद्धत छापली आहे ती वापरली तर इन्स्पेक्टर विचारत नाही. दुसरी वापरायला बंदी नाही, फक्त ती तितकीच चांगली आहे हे तुम्ही सिद्ध करायचं, आणि वाद झालाच तर छापलेलीच पद्धत खरी. मग चाळीस देशांत माल पाठवणारा माणूस कशाला झंझट घेईल? हे किट बाजारात पहिल्यांदा आलं २००३ ला. युरोपच्या फार्माकोपियात त्याचं पान, २.६.३२, लागू झालं १ जानेवारी २०२१ ला. अमेरिकेत आधी जुन्याच पानात घालायचं ठरत होतं, २०२० मध्ये तो विचार मागे घेतला, आणि ८६ क्रमांकाचं स्वतंत्र पान शेवटी अधिकृत झालं मे २०२५ मध्ये. बावीस वर्षं! मधल्या काळात विज्ञान थांबलं होतं असं नाही. एली लिलीसारख्या कंपनीने २०१८ मध्येच या पद्धतीवर तपासलेलं औषध मंजूर करून घेतलं होतं. पण लिलीकडे माणसं आहेत, वकील आहेत. वाळूजच्या प्लांटकडे मी आहे आणि तो केमिस्ट पोरगा.

सशांचंही तेच. युरोपने २०२४ च्या जूनमध्ये ठरवलं आणि १ जानेवारी २०२६ पासून तिथल्या फार्माकोपियातून सशांची चाचणी पूर्ण निघाली. इंडियन फार्माकोपियाने २०१८ च्या आवृत्तीत सशाच्या जागी टेस्ट ट्यूबमधल्या चाचण्यांची वाट मोकळी केली. पण पान निघालं म्हणून दुसऱ्या दिवशी सगळे पिंजरे रिकामे होतात असं समजू नका. ज्या देशात माल जातो तिथलं पान वेगळं असेल तर एकाच बॅचसाठी दोन्ही चाचण्या होतात.

यामुळेच गेली तीन वर्षं माझे शनिवार गेलेत. आम्ही सहा-सात जण, कुणी क्यूसीचे, कुणी कॉलेजात शिकवणारे, एक निवृत्त ड्रग इन्स्पेक्टर, मिळून मसुद्यांवर हरकती-सूचना लिहितो. फार्माकोपियाचे मसुदे छापण्याआधी लोकांसमोर ठेवले जातात, अभिप्राय मागवतात. देणारे थोडे. प्राणीप्रेमींची भावनिक पत्रं जातात, कंपन्यांकडून बहुतेक वेळा शांतता. माझं पहिलं पत्रही भावनिकच होतं, त्यात चांदीपूरची जोडीसुद्धा होती. निवृत्त साहेबांनी लाल पेनाने ती जोडी उडवली आणि एक तक्ता आखून दिला: परिच्छेद क्रमांक, सध्याचे शब्द, सुचवलेले शब्द, कारण, आधार. "ताई, समितीतल्या माणसाकडे एका सूचनेला दोन मिनिटं असतात," ते म्हणाले. "त्याला रडवू नका, त्याला वाक्य तयार करून द्या."

तेव्हापासून तेच करते. एकदा 'शॅल' आणि 'मे' या दोन शब्दांवर आम्ही अख्खा शनिवार घालवला. पर्यायी पद्धत 'वापरावी' की 'वापरता येईल'? चहा तीनदा झाला. 'वापरता येईल' असं लिहिलं तर साहेब विचारणार, पान कुठंय. 'वापरावी' लिहिलं तर लोहाचं इंजेक्शन अडकणार. आम्ही शेवटी 'उत्पादनासाठी योग्यता सिद्ध झाल्यास, स्वतंत्र मंजुरीशिवाय' असं लिहून पाठवलं. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात माझे दोनशे नमुने गेले. परचेसच्या भांडणापासून कुरिअरपर्यंत या किटने जो काही मनस्ताप दिला तो मला त्या रकान्यासाठी वसूल वाटतो.

तर घ्यावं का? निर्यात युरोपला किंवा अमेरिकेला असेल, पाण्याचे नमुने रोजचे असतील, तर डोळे झाकून घ्या आणि पाण्यापासून सुरुवात करा. पाण्याला रंग नाही, अडथळा नाही, माणसांचा हात बसतो. पहिले सहा महिने जुनी पद्धत सोबत चालू ठेवा आणि दोन्हींचे आकडे जपा, विकायचा माल नसला तरी. महिन्याला चार-पाच नमुने करणारी छोटी लॅब असेल तर यंत्राचा खर्च निघणार नाही. तुम्ही जेल क्लॉटवर राहा आणि अर्क वाया घालवू नका, एवढं केलंत तरी पुष्कळ. किटला माझ्याकडून पाचपैकी चार. पुरवठादाराला दोन, तेही त्या ईमेलसाठी.

ऑर्डर सोमवारी द्या. माल गुरुवारी निघतो असं कळलं तर फोन करून थांबवा, पुढच्या आठवड्यात पाठवा म्हणावं. आणि पेटी आली की कुप्यांच्या आधी लॉगर बघा.